शहरात मॉड्युलर (म्हणजे एकसारखे भाग पुन्हा पुन्हा जोडून उभारलेली), पर्यावरणपूरक घरं बांधून खरोखर शेजार जपता येतो का?

येतो, आणि त्यासाठी परदेशात पाहायची गरज नाही. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी ते आखलं: साधारण ५.४ हेक्टर जागा आणि सुमारे ५५० कुटुंबं.

इथे मॉड्यूल म्हणजे कारखान्यातून आणलेला डबा नव्हे, तर अंगण. सात घरं एका अंगणाभोवती, अंदाजे ८ बाय ८ मीटरच्या. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि मध्ये त्याहून मोठं, सुमारे १२ मीटरचं मोकळं आवार. पुढेही हीच पद्धत. त्यामुळे दाराबाहेर पाऊल टाकलं की तुम्ही थेट रस्त्यावर नाही, ओळखीच्या सहा दारांसमोर असता. लहान मूल तिथे खेळतं तेव्हा कुणाचं तरी लक्ष असतंच. माझ्या मते सगळं मर्म या आकड्यात आहे. सात घरांत नावं माहीत असतात, सत्तर फ्लॅटच्या लिफ्टमध्ये नसतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट: प्रत्येक घर स्वतंत्र, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. म्हणून पैसे जमतील तसं ज्याने त्याने घर वाढवावं, अशी सोय होती. साहित्य साधं, गवंडी-सुतारांना जमेल असं.

आज बरीच मूळ कौलारू घरं जाऊन तिथे काँक्रीटचे मजले चढलेत, त्याचं वाईट वाटतं. पण अंगणं बऱ्याच ठिकाणी शाबूत आहेत. तुमच्या प्रकल्पात आधी अंगण आखा, घराचा नकाशा नंतर.