वाचकांचे प्रश्न : पटाभोवती जागा कोणाला?

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र दर रविवारी सोसायटीच्या सभागृहात बोर्ड गेम आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन सर्वांनी मिळून कथा पुढे न्यायचा खेळ) खेळतो. प्रवेश सर्वांना खुला आहे, तरीही मुली एकदा येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. हे खेळ मुळातच पुरुषांचे आहेत का? आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नव्या नियमावलीत पात्राचे कूळ सांगणारा ‘रेस’ (वंश) हा शब्द काढून ‘स्पीशीज’ (प्रजाती) असा केला आहे. अशा बदलांनी खेळाची रंगत उणावत नाही का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ‘मुळातच’ हा शब्द आपण सहज लिहिला असेल, पण त्यात तथ्य आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तो टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींच्या छंदातून, आणि ती मंडळी बहुतांशी पुरुषच होती. त्याची खूण १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकात स्पष्ट दिसते. मानवी योद्धा पुरुष असेल तर त्याची ताकद १८/०० पर्यंत (इथे ०० म्हणजे शंभर), म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत जाऊ शकत असे. स्त्री असेल तर १८/५० वर थांबावे लागे. ज्या जगात ड्रॅगन आग ओकतो आणि जादूगार हातातून अग्निगोल फेकतो, तिथे बाई पुरुषाइतकी बलवान असणे तेवढे वास्तवाला धरून नाही, असे कोणाला तरी वाटले होते, याची आज गंमत वाटते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अट गेली आणि तिच्यावाचून खेळाचे काही अडले नाही.

‘रेस’विषयीचा बदल २०२२ च्या डिसेंबरात जाहीर झाला आणि २०२४ च्या नियमपुस्तकात आला, पण शब्दापेक्षा त्यामागचे गणित पाहावे. २०१४ च्या नियमांनुसार हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ‘ऑर्क’ हा काल्पनिक राक्षसी जीव) पात्राला ताकदीचे दोन गुण जन्मानेच मिळत, बुद्धीचा मात्र एकही नाही. त्यामुळे ज्याला हाफ-ऑर्क जादूगार खेळायचा असे, तो पहिल्याच दिवशी इतरांच्या मागे पडे आणि जाणकार त्याला ‘योद्धाच घे’ असा सल्ला देत. आता हे गुण पात्राच्या कुळावरून न मिळता पूर्वायुष्यावरून, म्हणजे ते आधी काय काम करत होते यावरून मिळतात. यात रंगत उणावली असे मला वाटत नाही. उलट पात्रे घडवण्याच्या वाटा वाढल्या. वेगवेगळ्या कुळांतला ठसठशीत फरक पुसट झाला, ही जुन्या खेळाडूंची तक्रार मात्र मला अगदीच गैरलागू वाटत नाही.

तरीही आपल्या सभागृहातली अडचण पुस्तकातली नसावी. अशाच एका बैठकीत मी ‘पँडेमिक’ खेळताना पाहिलेला प्रसंग सांगते. सर्वांनी मिळून साथीचे रोग आटोक्यात आणायचे, असा तो सहकाराचा खेळ. नवखी मुलगी हातातली पाने लावते आहे, तोच शेजारचा म्हणाला, ‘तू अटलांटाला जा.’ दुसरा म्हणाला, ‘नको, आधी पान दे.’ तिसऱ्याने तर तिची सोंगटी उचलून ठेवूनही दिली. तिघांचाही हेतू मदतीचाच होता, पण दीड तासात त्या मुलीने स्वतः ठरवून एकही चाल केली नाही, आणि उठताना ‘छान आहे हां खेळ’ असे म्हणून ती जी गेली ती गेलीच. नवख्या मुलालाही हा अनुभव येतो; फक्त मुलीला शिकवायला उठणाऱ्यांची संख्या जास्त असते.

यावर दोन उपाय करून पाहा. पहिला, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, असा नियम घालावा, किंवा ‘हनाबी’सारखा खेळ काढावा. त्यात प्रत्येकाची पाने स्वतःला सोडून इतरांना दिसतात आणि सूचना मोजक्याच देता येतात, त्यामुळे कोणा एकाला सर्वांची पाने खेळता येत नाहीत. दुसरा उपाय ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी : टेबलाच्या मध्यभागी फुलीचे चिन्ह काढलेले एक कार्ड ठेवावे. कथेत कोणाला नकोसे काही आले, तर त्याने त्या कार्डाला हात लावायचा. कारण न विचारता तो भाग वगळून कथा पुढे न्यायची. ‘एक्स-कार्ड’ या नावाने ही पद्धत अनेक गट वापरतात. आपल्यापैकी कोणाला हा अतिरेक वाटेल, पण कार्ड ठेवायला काही खर्च नाही.

खेळांच्या निवडीकडेही लक्ष असू द्या. एलिझाबेथ हार्ग्रेव्ह यांच्या ‘विंगस्पॅन’मध्ये लढाई नाही, पक्ष्यांना अधिवास मिळवून द्यायचा असतो, पण म्हणून तो ‘बायकांचा सोपा खेळ’ समजू नका. २०१९ साली त्याला जर्मनीतला ‘केनरश्पील’ हा पुरस्कार मिळाला, आणि तो मुरलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळांना दिला जातो.

प्रश्न : माझ्या भावाला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. बोर्ड गेममध्ये तो वारंवार चुकतो आणि आता बसायलाच नको म्हणतो. काय करावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोष भावाचा नाही, आखणीचा आहे. पत्त्यांच्या कॅटमध्ये बदाम, चौकट, किलवर आणि इस्पिक हे आकारानेच वेगळे असल्याने तिथे त्याचे अडत नसणार. लूडोत मात्र सोंगट्या केवळ रंगावरून ओळखायच्या असतात. हा दोष बहुधा एक्स गुणसूत्रातून येत असल्याने पुरुषांत बराच अधिक आढळतो, आणि चांगले प्रकाशक आता त्याचा विचार करतात : ‘टिकिट टू राइड’च्या पत्त्यांवर प्रत्येक रंगाला निराळे चिन्ह आहे, आणि ‘ऊनो’चीही रंगांसोबत चिन्हे छापलेली आवृत्ती निघाली आहे. घरातल्या जुन्या खेळासाठी हिरव्या सोंगट्यांच्या डोक्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका आणि लाल सोंगट्यांच्या गळ्याला दोऱ्याचा वेढा पुरतो. ही खूण भावाला विचारूनच करावी, कारण त्याला नेमके कोणते दोन रंग एकसारखे दिसतात हे तोच सांगू शकेल.