भाषेचं विचारा : क्रियापदाची शेपटी

प्रश्न : माझा पुतण्या बेलारूसमध्ये व्हितेब्स्कला डॉक्टरी शिकतो. खोलीत दोन तेलुगू मुलं, एक करीमनगरचा, दुसरा काकीनाड्याचा. दोघं सारखी एकमेकांच्या बोलण्याची टर उडवतात. घरमालकीण गावाकडच्या आईशी फोनवर बोलते, तीही म्हणे पुस्तकातली भाषा नाही. तेलुगूच्या बोलींत असतो तसाच फरक बेलारूशीतही असतो का?
— एक वाचिका, प्रभादेवी

उत्तर : ताई, माझं लहानपण वरळीच्या चाळीत गेलं. शेजारी तेलंगणातले पद्मशाली, गिरणीत कामाला. त्यांच्या पोरांकडून 'तो आला' म्हणजे 'वच्चिंडु' एवढं तेलुगू उचललं आणि पुढे ऑफिसात गुंटूरच्या साहेबांपुढे पाजळलं. साहेब खो खो हसले. 'वच्चाडु म्हणावं,' म्हणाले. किनारी आंध्रात 'वच्चाडु', 'चेप्पाडु' (त्याने सांगितलं). तेलंगणात 'वच्चिंडु', 'चेप्पिंडु'. करीमनगर तेलंगणात, काकीनाडा किनारी आंध्रात, तेव्हा पुतण्याच्या खोलीतही याच शेपटीवरून जुंपत असणार.

बेलारूशीतही शेपटीच बघा. 'तो नेतो' हे पुस्तकात 'न्यासे', नैऋत्येच्या बोलींतही तेच. व्हितेब्स्क मात्र ईशान्य बोलीच्या पट्ट्यात येतं, तिथल्या खेड्यांत 'न्यासेत्स'. आपला कोकणातला माणूस 'त्याने सांगितलंन' म्हणाला की लगेच ओळखू येतो ना, तसंच.

इथवर जमतं, पुढे वाटा फुटतात. तेलंगणाच्या बोलीचं भांडण किनारी तेलुगूशी, म्हणजे भाऊबंदकीच. सिनेमात ती वर्षानुवर्षं गुंडाच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी असायची. २०१४ साली वेगळं राज्य झालं, आता तिचीही ऐट आहे. बेलारूशी बोलीची गाठ रशियनशी. १९९५च्या सार्वमताने रशियनलाही सरकारी भाषेचा मान मिळाला, शहरांत तीच चालते. दोन्हींच्या खिचडीला 'त्रास्यांका' म्हणतात. मूळ अर्थ गवतात पेंढा कालवलेली हलकी वैरण! (नाव ठेवणाऱ्याने चांगलाच सूड उगवलाय.)

तेव्हा घरमालकीण बोलते ती बोली की त्रास्यांका, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. पुतण्याला कान देऊन ऐकायला सांगा. 'तो नेतो' हे रशियनमध्ये 'न्येस्योत', शेवटी कोरडा 'त'. बाईंच्या तोंडून शेवटी मऊ 'त्स' आला, तर गावची बोली अजून शाबूत आहे असं धरायला हरकत नाही. एका शब्दावर निकाल लावू नये, पण सुरुवात तिथूनच करावी. काय ऐकू आलं ते मला जरूर कळवा.