पिल्लू घ्यावं का? आणि घ्यायचंच तर पिल्लूच का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सिंहगड रोडला राहतो, 2 बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण निम्मा वेळ बंदच असते. मी आणि मिस्टर दोघंही आयटीत, आठवड्यातून 3 दिवस हिंजवडी, बाकी घरून काम. सासूबाई घरी असतात, वय 71, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. मुलगी चौथीत आहे, तिला कधीपासून कुत्रं हवंय आणि यंदा वाढदिवसाला दुसरं काही मागतच नाहीये. मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकांच्या पॉमेरियनला पिल्लं झालीत, बाप कोण ते माहीत नाही, बहुतेक गल्लीतलाच कुणीतरी, म्हणून फुकट देतायत. पिल्लं 5 आठवड्यांची आहेत, छोटीच राहतील म्हणतात, आणि रविवारपर्यंत सांगा नाहीतर दुसऱ्याला देऊ असंही म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं केस होतील आणि देवघरात येता कामा नये. सेक्रेटरी काकांनी तर सांगूनच टाकलं की आपल्या सोसायटीत कुत्री अलाउड नाहीत. मला स्वतःला कुत्री आवडतात पण शेवटी सगळं माझ्याच गळ्यात पडणार अशी भीती वाटते. काय करू?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : आधी तो रविवार डोक्यातून काढून टाका. 5 आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडायचंच नसतं, रविवारी नाही आणि त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आपल्याकडे कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे 2017 चे नियम आहेत, त्यात 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. तुम्हाला फुकट मिळतंय म्हणून नियम बाजूला ठेवला तरी त्यामागचं कारण काही बदलत नाही. पिल्लं एकमेकांशी मस्ती करताना चावतात, समोरचं कुंई करतं, आई एकदा गुरकावते, आणि किती जोरात दात लावायचे हे त्यातूनच कळतं. हे शिकायच्या आत आणलेलं पिल्लू मग तुमच्या मुलीच्या हातावर शिकत बसतं. त्यांना सरळ सांगा की अजून 3 आठवडे ठेवा, पहिली लस आणि जंताचं औषध झालं की बोलू. नाही म्हणाले तर त्यांना पिल्लांपेक्षा जागा मोकळी करायची घाई आहे असं समजा.

आता "छोटंच राहील". हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही हो. एक तर आपण ज्याला पॉम म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, त्यातले छोटे 5-7 किलोचे. आणि गल्लीतला गावठी सहज 15-20 किलोचा निघतो. म्हणजे पिल्लू 7 चं होईल की 17 चं, सगळा मटका. त्यात अजून एक गंमत, एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे भावंडांत एक उशीएवढं राहतं आणि दुसरं सोफाभर होतं. पंजे बघून सांगणारे लोक असतात, ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. 4 महिन्यांच्या पिल्लाचं वजन दुप्पट केलं की मोठेपणीचा ढोबळ अंदाज येतो, पण तोवर ते तुमच्या घरात रुळलेलं असतं, तेव्हा काय परत देणार का?

पण मला साइजची एवढी काळजी नाहीये, काळजी सासूबाईंच्या गुडघ्याची आहे. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीये.

हिंजवडीचा दिवस डोळ्यासमोर आणा. तुम्ही आठला निघालात, मुलगी शाळेत, घरी सासूबाई आणि 2 महिन्यांचं पिल्लू. त्याला दर दीड-दोन तासांनी शू लागते. लसींचा कोर्स साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतो, तोवर पार्व्होच्या (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार) भीतीने त्याला खाली भटकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडता येत नाही, म्हणजे शी-शू बाल्कनीत नाहीतर पेपरवर, आणि पेपरवरच करायची हे कळेपर्यंत हॉलभर. वाकून पुसणार कोण? कामवाल्या मावशी तासभर येतात, आणि त्यांना न विचारता त्यांचं काम वाढवणं बरोबर पण नाही. शिवाय पिल्लू सगळ्यात जास्त कुठे असतं तर पायात. चालणाऱ्या माणसाच्या टाचेमागे, साडीच्या काठाला लोंबकळत, काठी हलली की काठीवर झडप. मोठं कुत्रं निदान दिसतं तरी. ऑपरेशन झालेला गुडघा, मार्बलची फरशी, वर त्यावर शू, पुढचं मी लिहित नाही.

मुलीबद्दल पण स्पष्ट लिहिते. नऊ-दहा वर्षांचं मूल पाण्याचं भांडं भरेल, ब्रश करेल, जेवण मोजून घालेल, आणि हे तिला जरूर करू द्या. पण पहाटे सहाला खाली नेणं, रस्त्यावर चार भटकी अंगावर आली तर पट्टा सांभाळणं, रात्री उलटी झाली की दवाखाना शोधणं, हे मोठ्या माणसाचंच काम. छोटी कुत्री मुलांना बाहुलीसारखी उचलावीशी वाटतात आणि हातातून उडी मारून पुढचा पाय मोडून घेतात, हे व्हेट लोकांना (प्राण्यांच्या डॉक्टरांना) विचारून बघा किती नेहमीचं आहे. घरात नियम एकच, खाली बसून मांडीवर घ्यायचं, उभ्याने उचलायचं नाही. आणि ही छोटी कुत्री 13-15 वर्षं जगतात. म्हणजे त्याचं म्हातारपण येईल तेव्हा ही नोकरीला नाहीतर बाहेरगावी असेल आणि गोळ्या तुम्ही देत असाल. तेव्हा "माझ्याच गळ्यात" ही भीती खरी आहे. फक्त ती मनात ठेवू नका, मिस्टरांना समोर बसवा आणि सकाळची फेरी कुणाची, रात्रीची कुणाची, हिंजवडीच्या दिवशी दुपारी कोण येणार हे नावानिशी ठरवा. "बघू रे, होईल" असं उत्तर आलं तर तेच तुमचं उत्तर.

म्हणून माझं मत विचाराल तर हे पिल्लू नको. कुत्रं मात्र घ्या की, पण मोठं झालेलं. दोन-तीन वर्षांचं, छोट्या अंगाचं, क्रॉस म्हणजे मिश्र जातीचं. लोकांना वाटतं मोठं कुत्रं लळा लावत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. पुण्यात अशी कुत्री खूप असतात, कुणी परदेशी गेलं, कुणाची बदली झाली, कुणाकडे बाळ आलं आणि कुत्रं नकोसं झालं (या लोकांबद्दल मी इथे काही बोलत नाही, संपादक कापतील). रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे, ब्लू क्रॉस सोसायटी ऑफ पुणे आहे, शिवाय तुमच्या भागातल्या व्हेटच्या दवाखान्यातल्या बोर्डावर "घर हवंय" च्या चिठ्ठ्या असतातच. मोठ्या कुत्र्याचं वजन काट्यावर दिसतं, स्वभाव डोळ्यांनी दिसतो, लसी आणि नसबंदी बहुतेक वेळा झालेली असते, शी-शूची सवय लवकर लागते आणि ते दिवसाचे चार-पाच तास शांत झोपून काढू शकतं. हिंजवडीच्या दिवशी दुपारी एक फेरी मारायला डॉग वॉकर लावा, तेवढं मात्र हवंच.

बघायला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या. गेल्या गेल्या कुत्र्याला हाका मारू नका, खाली बसा आणि ते आपणहून येतंय का बघा. आलं तर हनुवटीखाली खाजवा, मग हळूच पंजा हातात घ्या, कान उलटून बघा, कारण नखं कापताना आणि गोचीड काढताना हेच रोज करायचंय. सासूबाईंना काठी टेकत त्याच्या समोरून दोन-तीन वेळा जाऊ दे. त्याने काठीकडे बघून शेपूट हलवली किंवा दुर्लक्ष केलं तर छान, कोपऱ्यात दबून गुरगुरायला लागलं तर ते वाईट कुत्रं नाही पण तुमच्या घरासाठी नाही. मग कुणालातरी स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पाडायला सांगा. दचकेल, सगळीच दचकतात, पण दचकून मिनिटभरात परत वास घ्यायला येतंय का ते महत्त्वाचं, कारण आपल्याला पुण्यात राहायचंय. गणपतीच्या आधी दोन-दोन महिने ढोल पथकांची प्रॅक्टिस चालते, मग मिरवणुका, मग दिवाळीचे फटाके. आवाजाला अतिशय घाबरणारं कुत्रं असेल तर त्या दिवसांत खिडक्या बंद, आतली खोली, कुणीतरी घरी, आणि गरज पडली तर व्हेटला आधीच विचारून औषध, ही तयारी दरवर्षी करायची.

लगेच कायमचं घेऊ नका, आधी दोन-तीन आठवडे फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, ठेवा. मुलीला मात्र स्पष्ट सांगा की हा पाहुणा आहे. पहिले काही दिवस कुत्रं बिचकून गप्प असतं आणि सगळ्यांना वाटतं काय शहाणं आहे, खरा स्वभाव नंतर बाहेर येतो. त्या दिवसांत वर लिहिलेल्या फेऱ्या कोण मारतंय ते कळेल, आणि लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून तीनदा चढउतार जमते का तेही. तुमच्या घरात तरी हेच छोट्या कुत्र्याचं मोठं सुख, की त्याला कडेवर घेऊन जिने उतरता येतात.

केसांबद्दल सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. स्पिट्झ जातीचे केस वर्षभर गळतात आणि वर्षातून दोनदा तर गठ्ठेच्या गठ्ठे निघतात. गावठीचे आखूड केस कमी दिसतात पण सोफ्याच्या कापडात सुयांसारखे घुसतात. देवघराला मुलांसाठी मिळतं तसं बेबी गेट लावा, आठवडाभरात कुत्र्याला हद्द कळते, माणसांपेक्षा लवकर कळते. आणि त्या मनापासून "आणा" म्हणाल्याशिवाय आणू नका, दिवसभर त्याच्यासोबत त्याच असणार आहेत, तुम्ही नाही.

सेक्रेटरी काकांचं म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. पण भांडायला जाऊ नका. लसीचं सर्टिफिकेट आणि महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स (ते काढावंच लागतं आणि त्याला रेबीजची लस लागते) यांच्या झेरॉक्स जोडून लेखी पत्र द्या, पोच घ्या. कॉमन जागेत पट्टा कायम हातात आणि खिशात पिशवी. अर्ध्या सोसायट्यांमधली भांडणं कुत्र्यावरून नसतातच, न उचललेल्या शीवरून असतात. घर भाड्याचं असेल तर मात्र मालकाची परवानगी ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

खर्चाचं थोडक्यात : कुत्रं फुकट मिळतं, पुढचं काही फुकट नसतं. दरवर्षी लसी, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडांचं औषध वर्षभर आणि पावसाळ्यात तर न चुकता, कारण गोचीड ताप आपल्याकडे चिक्कार आहे आणि त्याच्या रक्त तपासण्या आणि औषधांचं बिल दणकून येतं. वर सुट्टीत गावी जाताना बोर्डिंग. ट्रेनने न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे बुक करायचा नाहीतर कुत्रं गार्डच्या डब्यात, त्यामुळे कोकणात जाणारे बहुतेक लोक शेवटी गाडीच काढतात.

प्रश्न : क्रॉस कुत्री आजारी पडत नाहीत असं सगळे म्हणतात, हे खरं का? आमच्याकडे पॉम-डॅशहंड क्रॉस यायचंय.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : अर्धं खरं. एकाच घराण्यात जोड्या लावून लावून जे आजार पक्के होतात त्यातले काही क्रॉसमध्ये कमी दिसतात. पण पार्व्हो आणि गोचीड ताप जात विचारून येत नाहीत. आणि आई-बाप दोघांचेही दोष वाट्याला येऊ शकतात, म्हणजे तुमच्या केसमध्ये पॉमची नाजूक श्वासनलिका आणि डॅशहंडची पाठ. तेव्हा गळ्यात कॉलर फक्त नावाच्या बिल्ल्यापुरती, फिरवायला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, वजन वाढू देऊ नका, आणि दात घासा. हो, खरंच घासा, छोट्या कुत्र्यांचे दात फार लवकर खराब होतात, आणि आपली पेस्ट वापरायची नाही, कुत्र्यांची वेगळी मिळते.

प्रश्न : आमची 4 किलोची मनी (हो, कुत्रीच आहे, नाव मुलाने ठेवलं) फक्त पोळी-दूध आणि प्रसादाचा शिरा खाते. चालेल ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पोळी-दुधाने पोट भरतं पण पुरेसं प्रोटीन मिळत नाही, आणि वयाने मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचतही नाही, मनीला जुलाब होत असतील तर कदाचित त्यामुळेच. उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन हाडं काढून, नाहीतर सरळ चांगलं डॉग फूड, असं हळूहळू आठवड्याभरात बदला. शिरा मात्र आजपासून बंद, साखर-तुपासाठी नाही, त्यातल्या बेदाण्यांसाठी. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि 4 किलोच्या जिवाला थोडेसेही पुरतात. कांदा-लसूण, चॉकलेट पण नाही, म्हणजे पोह्यांची बशी खाली ठेवून उठायचं नाही. बेदाणे खाल्लेत असं कळलं तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, घरगुती उपाय करत बसू नका, लगेच व्हेटला फोन करा आणि किती खाल्ले, कधी खाल्ले ते सांगा.