आधी वर्तुळ काढ, बाजू मग घे

अगं, तुझा ड्राफ्ट वाचला. वस्तीत बॉम्ब-तोफगोळे वापरण्याला आवर घाला म्हणणाऱ्या डब्लिनच्या घोषणापत्राला भारताने पाठिंबा दिला नाही हे तुला खटकतंय, पण दादा आर्मीत, त्यामुळे तसं लिहिलं तर घरात काय होईल याची धास्ती, म्हणून 'दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे' असं लिहून मोकळी झालीस. हे काही मला चालणार नाही. बाजू नंतर घे, वाटलं तर घेऊच नकोस, पण आधी नकाशा उघड आणि वर्तुळ काढ.

१५५ मिमीचा तोफगोळा साधारण ४५ किलोचा असतो, त्याचे तुकडे शेकडो मीटर उडतात, आणि लांबून डागलेला गोळा नेमक्या जागीच पडेल असंही नाही. आता आपल्या नवी मुंबईतल्या नेरूळ स्टेशनवर पेन्सिल ठेव आणि दोनशे मीटरचं वर्तुळ काढ. रिक्षा स्टँड, क्लासेस, दवाखाने, वडापावची गाडी, सगळं आत येईल. मग त्याच्याबाहेर दुसरं वर्तुळ काढ, पाण्याचं. माझी सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात गेली. मोरबे धरणाच्या लाइनच्या दुरुस्तीसाठी एक दिवस शटडाउन घेतला तरी दुसऱ्या दिवशी पाणी कमी दाबाने, सोसायट्यांची टँकरसाठी मारामारी आणि हॉस्पिटलचे फोनवर फोन. आणि आमच्याकडे तर वेल्डर होते, फिटर होते, डोक्यावर बॉम्ब पडत नव्हते. २०२२ च्या युद्धात युक्रेनमधल्या मारियुपोलला पाणी, वीज सगळं बंद पडलं तेव्हा लोक बर्फ वितळवून पाणी पीत होते. या मागाहून होणाऱ्या नुकसानाबद्दल घोषणापत्रात लिहिलंय, तुझ्या ड्राफ्टमध्ये एक ओळ नाही!

आणि वर्तुळ ही माझी सनक नाही हं. उरणला जाऊन विचार. करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे म्हणून आजूबाजूला सेफ्टी झोन, लोकांची घरं-जमिनी त्यात अडकल्यात, वाद वर्षानुवर्षं चालूच आहे. म्हणजे शांततेच्या काळात, कुलपात ठेवलेल्या दारूगोळ्याभोवती सरकार स्वतः वर्तुळ काढतं, मग तोच दारूगोळा वस्तीत पडणार असेल तेव्हा का नाही काढायचं?

बरं, दादाला घाबरतेस कशाला ते मला कळत नाही. १८ नोव्हेंबर २०२२ ला ८० हून जास्त देशांनी पाठिंबा दिला, त्यात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सही आहेत, त्यांची सैन्यं काय भजन करतात का? कायद्याने बंधन नाही, बंदी नाही. नागरिकांना इजा होण्याची शक्यता असेल तिथे वस्तीत स्फोटक शस्त्रांचा वापर मर्यादित ठेवा किंवा टाळा, एवढंच म्हणणं. रशिया, चीन, इस्रायल, पाकिस्तान बाहेर आहेत, आपणही. शेजारी येत नाहीत तर आपण का, हा आक्षेप फालतू नाही, तो नीट मांड. पण ७ मे २०२५ ला पाकिस्तानी तोफगोळे पडले ते पूंछच्या बाजारपेठेत आणि घरांवर, लहान मुलं गेली, गुरुद्वाराचं नुकसान झालं. त्या वर्तुळात आपलीच माणसं होती, मग हा मुद्दा देशाविरुद्ध कसा?

भारत बेफिकीर आहे असंही लिहू नकोस, ते खोटं आहे. काही पारंपरिक शस्त्रांवरचा जिनिव्हाचा करार आणि त्याचे पाचही प्रोटोकॉल आपण मान्य केलेत. लांबलचक सीमेचं कारण देऊन १९९७ च्या भूसुरुंगबंदी करारात मात्र गेलो नाही. आणि २००१-०२ मध्ये सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी जवानही गेले, शेतकरीही. दादाला विचार, तो तुझ्याहून जास्त सांगेल.

मला ऑफिसात हेकट म्हणायचे. जेसीबी लावायच्या आधी खालच्या लाइनचा नकाशा दाखवा म्हणून फाइल अडवून धरली, साहेबांशी वाजलं, प्रमोशन गेलं. गेलं तर गेलं, मी बरोबरच होतो. एकच खंत आहे, सगळं तोंडी भांडलो, कागदावर काही ठेवलं नाही, त्यामुळे माझ्यानंतर आलेल्याला पहिल्यापासून तेच भांडावं लागलं. तू कागदावर ठेव बाई.

तो पहिला पॅरा काढून टाक, तिथे पूंछ आण. नकाशा रंगीत प्रिंट काढ, झेरॉक्स नको, वर्तुळं दिसत नाहीत. आणि दादा सुट्टीवर आला की त्याला घेऊन घरी ये, तोफेच्या अचूकतेवर मला त्याच्याशी भांडायचंच आहे.