आईला झाला, म्हणजे मलाही होणारच का?

प्रश्न : आईला सत्तरीनंतर अल्झायमर झाला. मी ४६ वर्षांची आहे. जनुकांची तपासणी करून घेऊ का? (विश्रामबाग, सांगली)

होणारच, असं अजिबात नाही. उतारवयातल्या अल्झायमरशी सगळ्यात जास्त संबंध लागतो तो एपीओई या जनुकाचा. त्याचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रकार. एक आईकडून येतो, एक वडिलांकडून. एक ई४ असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन्ही ई४ असतील तर आठ ते बारा पट. तरीही ई४ असून नव्वदीत उधारीचा हिशेब तोंडपाठ सांगणारी माणसं असतात, आणि ई४ नसताना आजार झालेलीही. त्यामुळे लक्षणं नसताना ही तपासणी करा, असं मी कुणाला सांगत नाही. मागे एक गृहस्थ ऑनलाइन मागवलेला रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आले. बसायच्या आत विचारलं, "डॉक्टर, किती वर्षं राहिली?" स्कूटरची किल्ली सापडली नाही की त्यांना रात्रभर झोप नसायची. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जेम्स वॉटसन यांनी स्वतःचा सगळा जनुकक्रम जगापुढे ठेवला, पण एपीओई तेवढं झाकून ठेवायला सांगितलं! त्यांच्या आजीला हा आजार होता.

प्रश्न : वडील ४८व्या वर्षीच विसरायला लागले. आत्याचंही तसंच झालं होतं. (तासगाव)

तुमची गोष्ट वेगळी आहे, टाळू नका. एपीपी, पीएसईएन१ किंवा पीएसईएन२ यांपैकी एका जनुकात दोष असला की आजार तरुणपणीच गाठतो आणि प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशी घराणी फार थोडी. एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी. आधी वडिलांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. बी१२ आणि थायरॉइड तपासा, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो बरा होऊ शकतो. जाताना तीन पिढ्यांची यादी न्या. 'आजोबांना चळ लागला होता' एवढ्यावर भागवू नका, कितव्या वर्षी लागला ते थोरल्या काकांना विचारा. जनुकतपासणी करायचीच तर पहिली वडिलांची, तुमची नंतर, तीही समुपदेशन घेऊनच.

प्रश्न : मामाच्या मुलीशी लग्न झालंय. आमच्या दोघांच्या आजीला, म्हणजे माझ्या आईच्या आईला, अल्झायमर होता. मुलांना धोका? (मिरज)

आजीकडे ई४ असेल तर तो दोन्ही बाजूंनी मुलापर्यंत येऊ शकतो, म्हणून दोन ई४ जुळण्याची शक्यता थोडी वाढते. पण ही साठीनंतरची काळजी. नात्यातल्या लग्नात थॅलेसेमियासारखे रक्ताचे आनुवंशिक आजार आधी बघायचे असतात.

प्रश्न : रोज हळदीचं दूध घेतलं तर? (सांगली)

सांगलीत राहून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच! हळदीतलं कुरकुमिन रक्तात फार कमी उतरतं, आणि त्याने अल्झायमर टळतो असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही. दूध आवडत असेल तर प्या. पण बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा, आणि टीव्हीचा आवाज शेजारपर्यंत जात असेल तर कान तपासून घ्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी अशी १४ कारणं मांडली आहेत. कमी ऐकू येणं त्यातलंच एक, आणि कानाचं मशीन लावायला आपल्याकडे लोक सगळ्यात जास्त लाजतात.