हवेत फिरवलेला हात खेळाला कळतो कसा?

प्रश्न : मुलगी ‘निन्टेन्डो वी’ या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर टेनिस खेळते. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते. टीव्हीजवळ ठेवलेली काळी पट्टी तिचा हात बघते का?

उत्तर : मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण पट्टी आंधळी आहे! तिच्या दोन टोकांना नुसते इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, दिवे असतात. कॅमेरा आहे तो रिमोटच्या नाकाशी. त्या दोन ठिपक्यांवरून रिमोट पडद्यावर कुठे रोखलाय हे ठरतं. एकदा पट्टी बंद पडली तेव्हा मी तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या (ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतोच) आणि खेळ मुकाट्याने सुरू झाला. (हा उद्योग मुलांना करू देऊ नका.)

टेनिसच्या फटक्याला मात्र पट्टी लागतच नाही. ते काम रिमोटमधल्या त्वरणमापकाचं, म्हणजे वेगातला बदल टिपणाऱ्या चिपचं. तिच्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात झटकला की तो जरा मागे राहतो, चिपमधल्याच शेजारच्या पट्ट्यांपासूनचं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि ती मोजली जाते. त्याला फसवणंही सोपं : सोफ्यावर लोळून नुसतं मनगट झटकलं तरी फटका बसतो. मी तसाच जिंकतो.

मनगटाचा पीळ त्याला नीट कळेना, म्हणून २००९ साली जायरोस्कोपची जोड आली. तो फिरण्याचा वेग मोजतो. पण बारीक चुका साठत जातात आणि पडद्यावरचा हात हळूहळू वाकडा होतो. तेव्हा रिमोट क्षणभर टेबलावर पालथा ठेवायचा, की साठलेली चूक पुसली जाते.