कॉपीरायटरची नोकरी आणि मुलीची कथा

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आपल्या मुलीला मुंबईतील एका जाहिरातसंस्थेने कॉपीरायटर म्हणून बोलावले आहे आणि साबण-तेलाच्या ओळी लिहिता लिहिता तिच्यातली कथाकार संपेल, अशी धास्ती आपल्याला वाटते. तिची पहिली कथा दिवाळी अंकात आली तेव्हाचा आनंदही आपण कळवला आहे, म्हणून ही धास्ती मला अधिकच समजते.

सलमान रश्दी लंडनमध्ये कॉपीरायटर होते. एअरो चॉकलेटसाठी त्यांनी 'इररेझिस्टिबल' या शब्दाची शेपटी काढून तेथे 'बबल' जोडले आणि बुडबुड्यांनी भरलेल्या त्या वडीचे सारे वर्णन एकाच शब्दात मावले. १९७५ साली आलेली त्यांची पहिली कादंबरी फारशी चालली नाही, तेव्हा त्यांनी जाहिरातीचे काम अर्धवेळ ठेवून उरलेले दिवस लेखनाला दिले आणि त्यातूनच १९८१ साली 'मिडनाइट्स चिल्ड्रन' वाचकांपुढे आली. शब्द मोडून जोडण्याची जी गंमत त्या कादंबरीत पानोपानी दिसते, तिचा रियाज त्यांनी नोकरीतही केला होता, असे मला मनापासून वाटते. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी तर १९२२ पासून ज्या कचेरीत जाहिराती लिहिल्या, तिचेच वातावरण पुढे आपल्या रहस्यकादंबरीत उतरवले. आपल्याकडे कादंबरीकार किरण नगरकर जाहिरातक्षेत्रात होते; कवी अरुण कोलटकरही होते, मात्र त्यांचे काम मुख्यतः चित्रमांडणीचे.

तरीही आपली काळजी अनाठायी नाही. या व्यवसायात ग्राहकाच्या दुरुस्त्या संध्याकाळी येतात, सकाळपर्यंत नवा मसुदा द्यावा लागतो आणि थकलेल्या माणसाची कथा लांबणीवर पडत जाते. म्हणून कामाचे तास तिने आधीच विचारून घ्यावेत आणि कचेरीत जाण्यापूर्वीचा एक तास रोज स्वतःच्या लेखनासाठी राखावा.

दुसरी बाब कायद्याची आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः नोकरी देणारा असतो. जाहिरातींबाबत हे रास्तच आहे. परंतु घरी, स्वतःच्या वेळात लिहिलेल्या कथा-कवितांवरही संस्थेचा हक्क सांगणारे कलम नियुक्तिपत्रात असेल, तर ते बदलून घ्यावे. पत्र हाती आले की सही करण्यापूर्वी तेवढे कलम मला जरूर कळवावे.

आपली,
करिअर समुपदेशक